डार्टमथ : अर्ध्या दिवसात न उरकणारे गाव

सोलापुरातील एका सहल कंपनीने इंग्लंडच्या दौऱ्यात डेव्हन परगण्यातील डार्टमथसाठी केवळ अर्धा दिवस ठेवला होता, ही गोष्ट मला आजही खटकते. वाफेच्या गाडीने किंग्जवेअरला उतरून फेरीबोटीने डार्ट नदी ओलांडायची, एवढ्यानेच तिकिटाचे पैसे वसूल होतात. पलीकडे रेल्वे स्थानकाची इमारत आहे, पण तेथे रूळ कधीच पोहोचले नाहीत. १६२० मध्ये अमेरिकेकडे निघालेले मेफ्लॉवर जहाज सोबतच्या गळक्या स्पीडवेलच्या दुरुस्तीसाठी याच बंदरात थांबले होते. नदीच्या मुखावरील किल्ल्याचे काम १३८८ मध्ये सुरू झाले आणि शत्रूची जहाजे अडवण्यासाठी पुढे तेथून पलीकडच्या काठापर्यंत लोखंडी साखळी ताणली जाई.

मी सर्वाधिक रेंगाळलो ते याच गावात जन्मलेल्या थॉमस न्यूकोमेनच्या पद्धतीच्या जुन्या इंजिनापाशी. सिलिंडरमधील वाफेवर थंड पाण्याचा फवारा पडला, की वाफेचे पाणी होऊन पोकळी निर्माण होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. १७१२ मध्ये त्याने या युक्तीने खाणीतील पाणी उपसून दाखवले. माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत साच्यावर कामाला होते, त्यामुळे तो काळा पडलेला दट्ट्या पाहताना मला गिरणीचा भोंगा आठवला आणि डोळे भरून आले.

किल्ल्यापर्यंतची वाट चढउताराची आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांनी नदीतून बोटीनेच जावे. निदान एक रात्र तरी मुक्काम ठेवावा.