ई-रीडरवर इस्मत चुगताई : काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या ई-रीडरचा अभिप्राय मी मुद्दाम उशिरा लिहीत आहे, कारण एवढ्या महिन्यांत त्यावर प्रामुख्याने एकच लेखिका वाचली : इस्मत चुगताई, त्याही मूळ उर्दूत, देवनागरी लिपीत. हिंदीत वावरणाऱ्या नागपूरकराला अनुवादाची गरज सहसा भासत नाही.

यंत्र चांगले आहे. मे महिन्याच्या भर उन्हात मेट्रोच्या फलाटावरही अक्षर छापील पानासारखे स्वच्छ दिसते आणि बॅटरीची चिंता करावी लागत नाही. खटकतो तो शोध. ‘लिहाफ’ असे टंकले तर काहीच सापडत नाही. फ खाली नुक्ता (टिंब) दिला की 1942 ची ती कथा लगेच समोर येते. या कथेवरून लाहोरात अश्लीलतेचा खटला चालला, उर्दू कथाकार सआदत हसन मंटोही आपल्या कथेपायी तिथेच आरोपी होते आणि दोघेही सुटले. मात्र या गाजावाजाने लेखिकेवर अन्यायच केला, असे माझे मत आहे.

माझी बहुतेक अधोरेखिते ‘चौथी का जोड़ा’ (लग्नानंतरच्या चौथ्या दिवसाचा नवरीचा पोशाख) या कथेतली आहेत. अपुरे कापड घेऊन मोहल्ल्यातल्या बायका कुबराच्या आईकडे येतात. ती ते ताणून सरळ करते, नजरेनेच मापते आणि मगच कात्री चालवते. शेवटी याच हातांना लेकीचे कफन बेतावे लागते. एवढी निर्दय नेमकी नजर दुर्मीळ आहे.

1915 साली बदायूँत जन्मलेल्या, दहा भावंडांत वाढलेल्या इस्मतनी शिक्षणासाठी घराशी झगडा केला, लखनौ-अलीगढला शिकून बरेलीत मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, मुंबईत शाळा-तपासनीस झाल्या. ‘टेढ़ी लकीर’ या कादंबरीची नायिका शमनही शाळा चालवते, हा भाग वाचताना लेखिकेचा अनुभव जागोजागी जाणवतो. पुढे चित्रपट दिग्दर्शक शाहिद लतीफ यांच्याशी विवाह, चित्रपटलेखन, 1973 च्या ‘गर्म हवा’ची मूळ कथा, 1976 ची पद्मश्री. 1991 साली मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार दहन करण्यात आले.

यंत्रातला हिंदी शब्दकोश शिवणटिपणाच्या आणि जनानखान्यातल्या शब्दांपुढे हात टेकतो, म्हणून एक तारा कमी. ‘टेढ़ी लकीर’ मोठी आहे, तेव्हा सुरू करण्याआधी अक्षर एका पायरीने वाढवून घ्यावे.