शवपेटीतल्या १३१ डिस्क: ‘डार्क शॅडोज’चा संपूर्ण संच

‘डार्क शॅडोज’ या अमेरिकी मालिकेच्या २१०व्या भागाच्या अखेरीस विली लूमिस नावाचा एक भुरटा माणूस दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या थडग्यात शिरतो, साखळ्यांनी जखडलेली शवपेटी उघडतो आणि आतून आलेला हात त्याचा गळा धरतो. चेहरा दिसत नाही, भाग तिथेच संपतो. पुढच्या भागात लांब कोट घातलेला, हातात काठी घेतलेला एक सभ्य गृहस्थ कॉलिनवूड या वाड्याच्या दारात उभा राहतो आणि आपण इंग्लंडहून आलेले दूरचे नातेवाईक आहोत असे सांगतो. या मालिकेचा संपूर्ण डीव्हीडी संच शवपेटीच्या आकाराच्या खोक्यातून प्रसिद्ध झाला, यामागे विक्रीची कल्पकता आहेच. पण ज्याने सगळे भाग क्रमाने पाहिले आहेत, त्याला हा आकार योग्यच वाटेल. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या या संचात १३१ डिस्क आणि १,२२५ भाग आहेत. रोज दोन भाग पाहायचे ठरवले, तर शेवटापर्यंत पोहोचायला सुमारे वीस महिने लागतात.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर डॅन कर्टिस यांची ही निर्मिती एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ पासून २ एप्रिल १९७१ पर्यंत आठवड्यातून पाच दिवस, दुपारच्या कौटुंबिक मालिकांच्या वेळेत दाखवली जात असे. मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक गावातले एक श्रीमंत, दुःखी कुटुंब आणि त्याच्याकडे नोकरीसाठी आलेली व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी, एवढ्यावर ती सुरू झाली. पुढे तिच्यात भुते आली, त्या शवपेटीतून निघालेला, जोनाथन फ्रिड यांनी साकारलेला बार्नबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर आला, चेटकीण आली, नरलांडगा आला आणि कथानक १७९५, १८९७, १८४० अशा काळांत ये-जा करू लागले. बार्नबसला काही आठवड्यांपुरतेच आणायचे ठरले होते, पण तो मालिकेच्या शेवटापर्यंत राहिला, कारण शाळेतून धावत घरी येऊन दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्या मुलांनी त्याला जाऊ दिले नाही. ती मुले पुढे मोठी झाली, आणि ही मालिका घरी बाळगता यावी म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणारे लोक मुख्यतः तेच होते.

ही प्रतीक्षा नीट समजून घ्यायला हवी, कारण या संचाचे खरे मोल त्यातच आहे. त्या काळात दुपारच्या मालिका दोन इंच रुंदीच्या चित्रफितीवर मुद्रित होत. ही फीत महाग असल्यामुळे प्रक्षेपण झाले की ती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती, आणि त्या दशकातल्या अशा मालिकांचे हजारो भाग याच कारणाने कायमचे गेले. ‘डार्क शॅडोज’ मात्र जवळजवळ संपूर्ण वाचली. सत्तरच्या दशकात तिचे पुनःप्रक्षेपण सुरू झाले, परंतु ते निवडक भागांचे असे. एमपीआय होम व्हिडिओ या कंपनीने १९८९ पासून व्हीएचएस कॅसेट काढायला सुरुवात केली, तेव्हा ज्यांनी लहानपणी एखादा भाग चुकवला होता त्यांना तो प्रथमच पाहता आला. मग २००२ ते २००६ या काळात बार्नबसच्या आगमनापासून अखेरपर्यंतचे भाग २६ डीव्हीडी संचांत आले. सुरुवातीचे भाग, म्हणजे व्हॅम्पायर येण्याआधीचे, त्यानंतर ‘द बिगिनिंग’ या नावाने सहा संचांत निघाले. हे सगळे एकत्र करून २०१२ चे मोठे खोके तयार झाले. त्याच्या २,५०० क्रमांकित प्रतींच्या आवृत्तीत फ्रिड यांच्या स्वाक्षरीचे कार्ड होते, आणि संच बाजारात आला त्याच महिन्यात फ्रिड यांचे निधन झाले. ज्यांच्याकडे ते कार्ड आहे, त्यांच्यासाठी ते साधे कार्ड उरलेले नाही.

आता चित्राविषयी. पहिले सुमारे चौदा महिने मालिका कृष्णधवल होती आणि ऑगस्ट १९६७ पासून ती रंगीत झाली. चित्रफितीवरून घेतलेले भाग अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगले दिसतात. कृष्णधवल भागांतल्या काळोखाला एक खोली आहे. सत्तराव्या भागात जोसेट या कॉलिन्स घराण्यातल्या पूर्वजेचे भूत तसबिरीतून बाहेर येऊन घराण्याच्या जुन्या घरापाशी नाचते, ते दृश्य या संचात पाहताना धुके आणि पांढरा पोशाख यांतला फरक स्पष्ट कळतो, आणि तो कळल्याशिवाय त्या दृश्याची भीती पोहोचत नाही. रंगीत भागांतले रंग भडक आहेत. जांभळा, हिरवा आणि गडद लाल यांची ही उधळण त्या काळच्या स्टुडिओच्या प्रकाशयोजनेची आहे, आणि ती सौम्य करण्याचा प्रयत्न झालेला नाही हे योग्यच झाले. फितीवरच्या आडव्या रेघा, क्षणभर तुटणारे चित्र आणि मधूनच कमी-जास्त होणारा आवाज हे दोष जागोजागी आहेत, पण ते मूळ फितीचे आहेत.

काही भागांची मूळ फीत उरलेली नाही. त्यांच्या जागी किनेस्कोप, म्हणजे पडद्यासमोर फिल्म कॅमेरा ठेवून घेतलेली नक्कल, वापरावी लागली आहे. रंगीत काळातला एखादा भाग त्यामुळे अचानक कृष्णधवल, मऊसर आणि थोडा अस्पष्ट होतो. सलग पाहणाऱ्याला हा धक्का बसतो, आणि पहिल्यांदा तो बसला तेव्हा मी डिस्क बदलून पाहिली होती. नंतर मात्र हे भाग लागले की मला उलट कृतज्ञता वाटू लागली, कारण कुणीतरी ती नक्कल सांभाळली नसती, तर कथेत तिथे भोक पडले असते.

ही मालिका जवळजवळ थेट प्रक्षेपणासारखी, सलग मुद्रित होत असे, कारण दोन इंची फितीचे संकलन कष्टाचे आणि खर्चाचे होते. त्यामुळे माइकची सावली भिंतीवर पडते, नट संवाद विसरून क्षणभर थबकतो, दार उघडत नाही, आणि कधी एखादा तंत्रज्ञ चौकटीत येऊन जातो. नव्या प्रेक्षकाला हे हसण्यासारखे वाटेल, आणि या चुकांचे तुकडे वेगळे काढून दाखवण्याची सवयही पुष्कळांना आहे. मला स्वतःला त्या चुकांमधून दुसरेच काही दिसते. जोन बेनेट यांच्यासारखी हॉलिवूडची मोठी अभिनेत्री आणि रंगभूमीवरून आलेले नट रोज नवा मजकूर पाठ करून, दुसरी संधी नसताना, कॅमेऱ्यासमोर उभे राहत होते, आणि फ्रिड संवाद शोधताना जे भांबावलेपण दाखवतात, ते दोनशे वर्षे एकट्याने काढलेल्या माणसाचेच वाटते. १७९५ च्या कथानकात तर ही अडचण बळ होऊन बसते. बार्नबसला शाप देणारी चेटकीण अँजेलिक आणि तिला झिडकारणारा तो, यांच्यातले प्रसंग नाटकाच्या प्रयोगासारखे तापलेले आहेत. नोव्हेंबर १९६७ मध्ये सुरू होऊन सुमारे चार महिने चाललेले हे कथानक मी या सगळ्या संचातला सर्वांत उत्तम भाग मानतो. रॉबर्ट कोबर्ट यांचे संगीतही इथे सर्वाधिक परिणाम करते, आणि ते मालिकेसाठीच रचलेले आहे.

सुरुवातीच्या दोनशे भागांबद्दल मतभेद आहेत. पुष्कळ जण ते टाळून थेट २१०व्या भागापासून पाहा असे सांगतात, आणि काही स्ट्रीमिंग सेवांनीही मालिका तिथूनच दाखवली आहे. ज्याला पूर्ण मालिका पाहायची आहे त्याला मी हा सल्ला देणार नाही. ते भाग संथ आहेत, त्यांतले काही प्रसंग आठवडाभर जागचे हलत नाहीत, हे खरे आहे. परंतु वाडा, समुद्राचा कडा, बंद खोल्या आणि त्या घरातल्या माणसांची एकमेकांपासून लपवाछपवी हे सारे मनात मुरल्यावर जेव्हा पहिले भूत येते, तेव्हा ते त्या घराचेच वाटते, बाहेरून आणून ठेवलेले वाटत नाही.

१२१९वा भाग मात्र कोणत्याच रूपात वाचलेला नाही, ना फितीवर, ना किनेस्कोपवर. मालिका संपायला थोडेच भाग उरले असताना हे एक भोक राहिले होते. ते भरून निघाले, कारण त्या दिवशी घरी मालिका पाहणाऱ्या कुणीतरी तिचा आवाज ध्वनिफितीवर उतरवून घेतला होता. त्या वेळी सामान्य माणसाला घरी चित्र मुद्रित करण्याचे साधन नव्हते. ज्यांना आवडती मालिका जपायची असे, ते दूरचित्रवाणीपाशी टेपरेकॉर्डर ठेवून फक्त आवाज जपत. त्या ध्वनिफितीवर इतर भागांतली दृश्ये, छायाचित्रे आणि निवेदन बसवून हा भाग पुन्हा उभा केला आहे. मी तो दिवे मालवून पाहिला. चित्र जवळजवळ स्थिर आहे, आवाजात खरखर आहे, आणि तरीही या सगळ्या संचात मला सर्वांत जास्त हलवून गेलेला भाग हाच आहे. ‘संपूर्ण’ हा शब्द खोक्यावर छापता आला, तो या एका प्रेक्षकामुळे.

आता ज्या प्रश्नावर चाहत्यांचा जीव अडकलेला असतो तो ब्लू-रेचा, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या, अधिक स्पष्ट चित्र साठवणाऱ्या डिस्कचा. ‘कोल्चॅक: द नाइट स्टॉकर’ (१९७४–७५) ही मालिका २०२१ मध्ये ब्लू-रेवर आली आणि तिचे चित्र झळाळून निघाले, मग हिचे का नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर मूळ माध्यमात आहे. ‘कोल्चॅक’ ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती, आणि त्या फिल्ममध्ये दूरचित्रवाणीने कधीच न दाखवलेला बारकावा साठलेला असतो. ‘डार्क शॅडोज’च्या फितीत चित्राच्या सुमारे ४८० रेघाच आहेत, आणि डीव्हीडीत तेवढ्या मावतात. ब्लू-रेवर घेतल्याने नसलेला बारकावा निर्माण होणार नाही. तरीही ही मागणी निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. डीव्हीडीच्या एका डिस्कवर सुमारे दहा भाग बसवले आहेत, त्यामुळे धुके, मेणबत्तीचा उजेड आणि काळ्या पडद्यांच्या दृश्यांत चित्र कमी जागेत दाबून बसवल्याचे चौकोनी ठिपके दिसतात. ब्लू-रे डिस्कची क्षमता सुमारे सहापट आहे आणि चित्र साठवण्याची तिची पद्धतही अधिक कार्यक्षम आहे. तेव्हा हेच भाग स्वच्छ दिसतील आणि १३१ च्या जागी पुष्कळच कमी डिस्क पुरतील. चाहत्यांनी मागायचेच असेल तर हे मागावे, आणि त्याच्या जोडीला किनेस्कोपवरच्या भागांवर नवे काम व्हावे असेही मागावे. ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’मधल्या ‘द माइंड ऑफ ईव्हल’ या कथेच्या कृष्णधवल नकलेत दडलेल्या रंगसंकेताच्या सूक्ष्म ठिपक्यांवरून तिच्या बहुतेक भागांचे रंग परत मिळवले गेले आणि ती २०१३ मध्ये रंगीत प्रसिद्ध झाली. प्रत्येक नकलेत असे ठिपके उतरलेले नसतात, म्हणून तीच युक्ती इथे चालेलच असे नाही, पण प्रत्येक फिल्म तपासून पाहण्याइतकी ही मालिका मोलाची नक्कीच आहे.

खरेदी करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याला मालिका आवडेल की नाही याची खात्री नाही, त्याने मोठ्या खोक्याच्या मागे न लागता सुट्या संचांपैकी पहिला घ्यावा. त्यात चाळीस भाग आहेत आणि बार्नबसचे आगमन आहे, मनाचा कौल कळायला तेवढे पुरेसे आहे. आवडल्यास मग ‘द बिगिनिंग’कडे मागे वळावे. सुट्या संचांतल्या कलाकारांच्या मुलाखती जरूर पाहाव्यात, मात्र त्या कथानक उघड करतात म्हणून संच संपल्यावरच. मोठ्या खोक्यातली भागांचा सारांश देणारी पुस्तिका फार उपयोगी आहे, विशेषतः मालिका काळात मागे-पुढे जाऊ लागल्यावर.

या मालिकेवरून कर्टिस यांनीच काढलेले दोन चित्रपट या संचात नाहीत. ते २०१२ मध्येच ब्लू-रेवर स्वतंत्रपणे आले. १९७० चा ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ तिथे फार सुंदर दिसतो, आणि फिल्म व चित्रफीत यांतला फरक ज्याला डोळ्यांनी पाहायचा आहे त्याने तो मालिकेशेजारी ठेवून पाहावा. १९७१ चा ‘नाइट ऑफ डार्क शॅडोज’ मात्र प्रदर्शनाच्या तोंडावर कापून अर्ध्या तासाहून अधिक छोटा केला गेला, आणि त्यामुळे कथेतले दुवे तुटलेले जाणवतात. कापलेल्या दृश्यांची फिल्म १९९९ मध्ये सापडली, पण तिच्याबरोबर आवाज नव्हता, आणि ब्लू-रेवर तो चित्रपट कापलेल्या रूपातच आला. १२१९व्या भागाचा आवाज होता, चित्र नव्हते, आणि या चित्रपटाच्या हरवलेल्या दृश्यांचे चित्र आहे, आवाज नाही. पहिले भोक भरले गेले आहे. दुसरे भरलेली आवृत्ती निघाली, तर ती मी पहिल्याच दिवशी विकत घेईन.