कवडीपाटचा हिवाळा आणि ८×४२ दुर्बीण: चार महिन्यांनंतर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रविवारची सकाळ, पुण्याजवळ मुळा-मुठेवरचं पक्षी बघण्याचं ठिकाण कवडीपाट, आठ-दहा जणांचा गट आणि त्यात हातोहाती फिरणारी ही दुर्बीण. ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढच्या काचेचा व्यास ४२ मिलिमीटर), रूफ प्रिझम (सरळ नळ्यांची), वजन ७०० ग्रॅमच्या आसपास, किंमत दहा हजारांच्या जवळपास. एकट्याला झकास आहे. गटात मात्र एक खोड नडते.

उजव्या आयपीसखालची (डोळ्याकडच्या काचेखालची) डायऑप्टर रिंग, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारं कडं, सैल आहे आणि तिला लॉक नाही. दुर्बीण तिघांच्या हातून फिरली की ती सरकलेली असते. मग चौथा माणूस मधलं चाक कितीही फिरवो, एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट. तो म्हणतो, "पक्षी धूसर दिसतोय," आणि सगळे धुक्याला दोष देतात! उपाय साधा. उजवी पुढची काच हाताने झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा. मग डावी झाकून, चाकाला हात न लावता, रिंग फिरवून उजवा डोळा जुळवा. त्या जागी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि रिंगवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. गटात नियम एवढाच: दोन नळ्यांमधलं अंतर आणि मधलं चाक हलवायचं, रिंगला हात नाही. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात बराच फरक असलेल्याने चष्मा काढू नये, आयकप (आयपीसभोवतीची कडी) खाली फिरवून चष्म्यावरूनच बघावं.

१०× घ्यायला हवी होती का? नाही. हाताची थरथर १०× मध्ये जास्त जाणवते आणि दृश्याचा घेर लहान पडतो. "जलपर्णीच्या उजव्या टोकाला, दगडाच्या मागे" असं कुणी सांगितलं की नवख्याला ८× मध्ये पक्षी चटकन सापडतो. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. त्या अंधुक उजेडात ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्याला मिळतो. १०×४२ मध्ये तो ४.२ वर येतो.

काचेची खरी परीक्षा तुतारी या पाणपक्ष्यावर होते. ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी चिखलात शेजारी-शेजारी चरत असतात. पहिलीची पांढरी भुवई (डोळ्यावरची रेघ) डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, पाय पिवळसर. दुसरीची भुवई डोळ्यापुढेच संपते, पाठ गडद. उडाल्यावर पंखाखालचा रंग बघा: हिरवीचा काळपट, ठिपकेवालीचा फिका. चाळीसेक मीटरवर ही भुवई दृश्याच्या मध्यभागी स्वच्छ दिसते, कडेला मात्र विरघळते. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, हळदी-कुंकू बदक यांना एवढं लागत नाही, ती कुठल्याही दुर्बिणीत ओळखू येतात.

नदी साधारण पूर्वेला वाहते, त्यामुळे प्रवाहाच्या दिशेने बघितलं की सकाळचं ऊन समोर येतं आणि चित्रावर दुधाळ पडदा पसरतो. या किमतीच्या कोटिंगची (काचेवरच्या चकाकी कमी करणाऱ्या थराची) ही मर्यादाच आहे. ऊन पाठीला येईल अशी जागा धरा. सूर्याकडे तर दुर्बीण कधीच वळवू नका. दहा-साडेदहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, तेव्हा लांबचं काहीच नीट दिसत नाही. आतून वाफ धरू नये म्हणून नळीत नायट्रोजन असला तरी आयपीसवर बाहेरून वाफ बसतेच, आणि ती बहुतेक वेळा मफलरमधून वर येणाऱ्या आपल्याच श्वासाची असते.

बंधाऱ्याखालचा फेस वाऱ्याने उडतो. त्याचे थेंब काचेवर वाळले की डाग पडतात. टी-शर्टने पुसलंत तर कापडातली बारीक वाळू कोटिंग खरवडते. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबरवर लेन्स क्लीनरचे दोन थेंब. द्रव थेट काचेवर ओतू नका.

सोबतचा गळपट्टा अरुंद आहे, तासाभरात मान भरून येते. छातीवरचा हार्नेस वेगळा घ्या. दुर्बीण पडली तर लांबच्या विजेच्या खांबाकडे बघा. दोन खांब दिसले किंवा डोकं जड झालं तर प्रिझम सरकलं आहे, घरी स्क्रू सोडवत बसू नका. पावसाळ्यात ती कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. काचेवर बुरशी एकदा धरली की नुसत्या पुसण्याने जात नाही.