८ मार्चच्या भिंतीसाठी कोणतं पोस्टर लावायचं?

भाचीचा मेसेज आला, मावशी, कॉलेजच्या भिंतीवर ब्रिटनमधल्या बायकांच्या मताधिकाराचं एकच मोठं पोस्टर लावायचंय, बाजूचं की विरोधातलं? मी दोन समोरासमोर ठेवली, दोन्ही १९१२ ची.

बाजूचं सफ्रेज अटेलिये या कलाकारांच्या गटाचं. वरच्या ओळीत महापौर, नर्स, आई, डॉक्टर किंवा शिक्षिका, कारखान्यातली कामगार, यांना मत नाही. खाली तुरुंगातला कैदी, दारुडा वगैरे पुरुष, तरीही मत न गमावलेले. विरोधातलं जॉन हॅसलचं, नवरा दमून घरी येतो, पोरं रडतायत, बायको मतासाठी बाहेर गेलीय, बस्स.

आता खरं सांगू का, लांबून बघायला हॅसलच भारी पडतो, तो जाहिरातींचा चित्रकार होता, दोन सेकंदांत कळतं. अटेलियेचं जवळ जाऊन वाचावं लागतं, पण एकदा वाचलं की वाद संपतो, आणि ठसठशीत रेषांचं असल्यामुळे साध्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर चालून जातं. हॅसलला कलर प्रिंट हवी, म्हणजे खर्च आला. शिवाय त्याच्या शेजारी कोणीतरी उभं राहून सांगायला हवं की हा प्रचार आहे, नाहीतर आमच्याकडचे काही काका "बरोबरच आहे" म्हणून फोटो काढतील.

पैसे कमी आणि भिंत एकटी असेल तर अटेलिये. वर्गात चर्चा घडवायची असेल, बाई हजर असतील, तर हॅसल.