गप्प वर्गासाठी ए-४ पांढऱ्या पाट्या: छात्राध्यापकाने कोणत्या घ्याव्यात?

बी.एड.च्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, पाठ घेणाऱ्याला दंगा एक वेळ आवरता येतो. गप्प बसलेला वर्ग जास्त जड जातो. ठरावीक चार हात वर होतात, बाकीच्यांची नजर फळ्यावर आणि मन भलतीकडे. त्या बाकीच्यांनाही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला लावणारी स्वस्त वस्तू म्हणजे ए-४ आकाराची पांढरी पाटी. बाकाला एक, सोबत मार्कर आणि सुती कापडाचा तुकडा.

हार्डबोर्डच्या तयार पाट्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट बघावी, घाऊक माल तिथे मिळतो. यांच्यावर अक्षर ठसठशीत उमटतं, पुसलंही लख्ख जातं. पण तीन मिलिमीटर जाडीच्या तीस पाट्यांचं ओझं पाच किलोच्या घरात जातं. सकाळच्या लोकलमध्ये ते खांद्यावर घेऊन कसं चढणार? शिवाय पावसाळ्यात कडा फुगतात. शाळेत कपाट मिळणार असेल तरच या घ्याव्यात.

नाहीतर लॅमिनेशनच्या करून घ्याव्यात. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) पांढरा कार्डशीट आणि १२५ मायक्रॉनचं पाऊच. झेरॉक्सच्या दुकानात काम होतं. तीस पाट्या जेमतेम सव्वा किलो भरतात. कापताना कार्डाभोवती तीन-चार मिलिमीटर चिकटलेली कड राखायला सांगावी, नाहीतर ओल्या फडक्याचं पाणी आत शिरतं. कोपरे गोल कापावेत, टोकदार कोपरा बोटाला लागतो. कार्डाच्या एका बाजूला आधीच चौकटी छापून घेतल्या तर गणिताला सोय होते.

वापरण्याची पद्धत पाटीइतकीच महत्त्वाची. तास ३५ मिनिटांचा, म्हणून वाटप रांगेतल्या पहिल्या मुलाकडे द्यावं. पहिलं मिनिट हवं ते चित्र काढू द्यावं, चित्रांची हौस तिथेच फिटते. मग प्रश्न, पाच सेकंद पूर्ण शांतता, ‘लिहा’, ‘पाट्या पालथ्या’ आणि ‘तीन, दोन, एक, दाखवा’. पालथ्या पाटीची पायरी गाळली की मागची मुलं पुढच्यांचं बघून लिहितात आणि सगळा खटाटोप वाया जातो. दर प्रश्नाला मार्कर शेजाऱ्याच्या हातात गेलाच पाहिजे, नाहीतर बाकावरचा एक जण कायम लेखनिक होतो.

प्रश्न एका शब्दाचा किंवा एका आकड्याचा हवा, आणि चुकीच्या उत्तरातून विचार दिसेल असा. सहावीला ‘०.३ मोठा की ०.२५?’ विचारा. जी मुलं ०.२५ लिहितात त्यांनी ३ आणि २५ यांचीच तुलना केलेली असते. वर्गातल्या अर्ध्या पाट्यांवर ते दिसलं, तर पाठाच्या टाचणातला (लिहून आणलेल्या आराखड्यातला) पुढचा मुद्दा बाजूला ठेवून शंभर चौकटींचा तक्ता काढावा, ३० आणि २५ चौकटी रंगवून दाखवाव्यात. मार्गदर्शक शिक्षक मागे निरीक्षणाला बसले असले तरीही. चुकलेल्या मुलाचं नाव मात्र घेऊ नये. एकदा हसं झालं की ते मूल पुढच्या वेळी कोरी पाटी दाखवतं.

लॅमिनेशनला एक खोट आहे: चकाकी. ट्यूबलाइटखाली मागच्या बाकांवरच्या पाट्या वाचता येत नाहीत. पाटी किंचित पुढे झुकवायला आणि अक्षर बोटभर उंच काढायला आधीच शिकवावं. लिहिलेलं रात्रभर राहिलं तर डाग धरतं, म्हणून तास संपायच्या आत पुसून घ्यावं. चुकून परमनंट मार्कर चालला असेल, तर त्याच रेघांवर व्हाइटबोर्ड मार्कर फिरवून लगेच पुसावं, बहुतेक निघतं.

खरा खर्च मार्करचा. टोपण उघडं राहिलं की टोक वाळतं. गोल टोकाचे घ्यावेत, आडवे ठेवावेत आणि परत घेताना टोपणं मोजावीत. तीस पाट्यांमागे पस्तीस मार्कर धरून चालावं.