दर्यापूरकडच्या माणसानं बिऱ्हाड कुठं करावं, अकोल्यात की अमरावतीत?

आमच्या तालुक्याची तऱ्हाच न्यारी आहे. सातबाऱ्यावर जिल्हा अमरावती, पण तूर विकायला, डोळे दाखवायला आणि लग्नाचा बस्ता बांधायला जायचं अकोल्याला. दर्यापूरच्या स्टँडवर म्हैसांगवरून अकोल्याला जाणारी गाडी लागते, वलगाववरून अमरावतीला जाणारीही लागते, आणि जी आधी लागेल तिच्यात बसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यामुळे पोरांच्या शिक्षणासाठी गाव सोडायची वेळ आली की घराघरात वाद ठरलेला. यंदा सोयाबीन निघाल्यावर गावातल्या तिघांनी मला एकाच आठवड्यात विचारलं, "भाऊ, तुमी त दोन्हीकडं राह्यले. सांगा बरं खरंखुरं."

तर जून २०१७ ते मे २०१९ आम्ही अकोल्यात होतो, तेव्हापासून अमरावतीत आहोत. शेती अजून मीच पाहतो, आठवड्यातून तीनदा तरी गावाला जातो. ज्याचा एक पाय कायम शेताच्या धुऱ्यावर असतो अशा माणसाचं हे मत आहे. नोकरीवाल्याला किंवा दुकान टाकणाऱ्याला ते लागू पडेलच असं नाही.

अकोल्याला गेलो ते मुलीच्या अकरावी-बारावीसाठी. नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी म्हटलं की आमच्या पट्ट्यात अकोल्याचंच नाव निघतं. जठारपेठ, तापडिया नगर या भागात संध्याकाळी सहाला उभं राहा, पाठीवर दप्तर घेतलेली हजारभर पोरं दिसतील. वाशीम, बुलडाणा, हिंगोली, कुठून कुठून आलेली. त्यांच्यासाठी खोल्या, मेस, डबेवाल्या काकू, झेरॉक्सची दुकानं, सगळं आयतं उभं आहे. अमरावतीतही शिकवण्या आहेत, चांगल्या आहेत, पण गावाकडून आलेल्या बापाला अकोल्यात कोणाला फार विचारावं लागत नाही. पोरगी दोन वर्षं तिथं शिकली आणि आम्हाला हवं ते झालं, म्हणून त्या शहराबद्दल माझ्या मनात राग नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बाजाराच्या बाबतीतही अकोलाच. डाळ मिलांमुळे तुरीला गिऱ्हाईक जवळ आहे, आणि अमरावतीत राहूनसुद्धा मी तूर अजून अकोल्यालाच नेतो. कौलखेडला राहणारा माझा मावसभाऊ म्हणतो, "अमरावती पगारवाल्यांचं शहर, अकोला धंदेवाल्यांचं." यात तथ्य आहे. अकोल्यात सकाळी सातला शटर वर जातात आणि कोणी तुमचं शिक्षण विचारत नाही. अमरावतीत विभागीय आयुक्तालय, पाच जिल्ह्यांची कचेऱ्यांची गर्दी, १९८३ पासूनचं विद्यापीठ. तिथं शेजारी पहिल्या भेटीत विचारतो, "कुठल्या खात्यात आहात?" मी शेती करतो म्हटल्यावर पुढचा प्रश्न असतो, "बरं, पण तुम्ही काय करता?"

रेल्वेत तर तुलनाच नको. अकोला मुंबई-हावडा मार्गावर आहे, शिवाय पूर्णा-नांदेडकडे जाणारी लाइन वेगळी. घरून स्टेशन ऑटोनं पंधरा मिनिटं. अमरावतीला स्वतःचं स्टेशन आहे, अंबा एक्सप्रेस तिथूनच सुटते, पण मोठ्या गाड्या थांबतात दहा किलोमीटरवरच्या बडनेऱ्याला. रात्री दोनला बडनेऱ्याला उतरलं की ऑटोवाला जे सांगेल ते. एकदा मी मुंबईहून स्लीपरच्या तिकिटात आलो आणि बडनेऱ्याहून घरी यायला त्याच्या निम्मे पैसे मोजले. एप्रिल २०२५ मध्ये बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं त्याचं अमरावतीकरांना मोठं कौतुक आहे. असू द्या. आमची तूर विमानात बसत नाही.

एवढं सगळं अकोल्याच्या बाजूनं लिहिल्यावर तुम्ही म्हणाल, मग गाडं अडलं कुठं?

नळावर.

आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा अशा पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि ते पाणी पिकाला दिलं तर जमीन बिघडते, म्हणून विहीर असून ओलीत नाही. शहानूर धरणाचं पाणी नळानं येईपर्यंत माझ्या आईचं अर्धं आयुष्य गोड्या पाण्यामागं गेलं. शहरात यायला ती तयार झाली ती एकाच अटीवर, घरात गोड्या पाण्याचा नळ पाहिजे.

अकोल्याच्या घरात नळ होता. पाणी महानच्या काटेपूर्णा धरणाचं, गोडं. फक्त ते पाचव्या-सहाव्या दिवशी यायचं. आम्ही गेलो त्या वर्षी पावसानं दगा दिला, धरण भरलं नाही, आणि पाळी त्याहून लांबली. वेळ ठरलेली नाही. कधी पहाटे चार, कधी रात्री साडेअकरा. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर दोनच शब्द यायचे, "नळ आले." त्यासरशी सगळ्या घरांच्या टिल्लू मोटारी एकदम सुरू. आमचं घर गल्लीच्या शेवटी. पुढची पंधरा घरं ओढत असताना शेवटच्या नळातून आधी नुसती हवा फुसफुसायची, मग करंगळीएवढी धार.

जानेवारी २०१८ ची गोष्ट. गावाला तुरीची काढणी सुरू होती. हडंबा (मळणी यंत्र) तासाच्या भाड्यानं आणलेला, सहा मजूर लागलेले, अंगावर तुरीचा भुसा. दुपारी बायकोचा फोन, "नळ आले, मोटर पाणी उचलत नाही." मी हडंबा भावाच्या हवाली केला आणि गाडीला किक मारली. म्हैसांगच्या पुलावर आलो तेव्हा मनात आलं, जाऊन तरी मी काय करणार आहे? पण गेलो. पोचेपर्यंत पाणी गेलेलं. नळाच्या खड्ड्याशी बायको बसलेली, हातात पाना, साडीचा ओचा चिंब, आणि मागं दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाऊण ड्रम पाणी. पुढच्या सहा दिवसांचं. ती काही बोलली नाही. बोलली ती आई, "खारं का असंना, पन गावात होतं त!"

मग आला मे. पारा पंचेचाळीसच्या वर जाणं अकोल्याला नवं नाही. भिंती रात्री बारालाही गरम. कूलरशिवाय पोरगी अभ्यासाला बसूच शकत नव्हती, आणि कूलर दिवसाला चार-पाच बादल्या प्यायचा. घरात पाच माणसं होती, कूलर धरून सहा, आणि सगळ्यात जास्त पाणी त्यालाच. भांडी घासलेलं पाणी संडासात, भाजी धुतलेलं कूलरमध्ये, असा आईनं कारभार लावला. टँकर दोनदा मागवला. त्याच उन्हाळ्यात मला कळलं की माझं कॅलेंडर पेरणी-फवारणीवर चालत नाही, नळाच्या पाळीवर चालतं. उद्या फवारणी करू म्हणावं, तर उद्या पाणी येण्याची शक्यता. शेतकरी आभाळाकडं पाहून दिवस ठरवतो ते समजू शकतो. मी नळाकडं पाहून ठरवत होतो.

श्रावणात शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड निघते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालतात. रात्रभर ढोल, अख्खं शहर रस्त्यावर. पाहण्यासारखा सोहळा आहे, एकदा तरी पाहाच. आई मात्र हात जोडून एवढंच म्हणाली होती, "देवाले बी खांद्यावरूनच आणा लागते इथं."

आता हे माझ्या गल्लीचं आणि त्या दोन वर्षांचं, हे कबूल. मावसभाऊ सांगतो की आता पाळी तेवढी लांबत नाही, नवी पाइपलाइनही पडली. त्याच्या घरी तीन हजार लिटरची जमिनीखालची टाकी आहे. टाकीवाल्याला अकोल्यात पाण्याचा प्रश्न दिसतच नाही, आणि त्याचं बरोबरही आहे. पण गावाकडून भाड्यानं येणाऱ्याला अशी टाकी कुठली? त्याच्या वाट्याला गच्चीवरची पाचशेची काळी टाकी येते, तीही वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूबरोबर अर्धी.

अमरावतीत आम्ही कठोरा नाक्याकडं राहतो. पाणी मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून येतं. आमच्या ले-आउटला एक दिवसाआड, सकाळी साडेसहाच्या सुमारास. कधी चुकतं, पाइप फुटला की दोन-तीन दिवस बोंब होते. पण एरवी मी रात्रीच सांगू शकतो की उद्या नऊला मी धुऱ्यावर असेन. सहा वर्षांत टँकर एकदाही बोलावला नाही. वाचायला ही बाब किरकोळ वाटेल. ज्यानं नळाच्या खड्ड्यात पाना धरून बसलेली बायको पाहिली आहे त्याला विचारा.

उन्हाळा अमरावतीतही कडकच असतो, पण एखाद-दोन अंशांचा दिलासा मिळतो असं मला तरी वाटतं. पूर्वेला पोहरा-मालखेडचं जंगल, वडाळी आणि छत्री तलाव, संध्याकाळी तिकडून वारा येतो. त्या जंगलाचा प्रसाद म्हणून विद्यापीठाच्या बाजूला बिबट दिसल्याच्या बातम्याही येतात, तेव्हा पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी जपून. राजकमल चौकातला गिला वडा ही अमरावतीची खरी ठेव, त्याला अकोल्यात तोड नाही. यावर मावसभाऊ नाराज होईल, होऊ द्या.

दवाखान्याचं थोडक्यात. अकोल्यात सरकारी मेडिकल कॉलेज २००२ पासून आहे, अमरावतीला ते २०२४ मध्ये सुरू झालं. पण आमच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचं दुखणं घरोघरी, आणि अमरावतीच्या सरकारी सुपर स्पेशालिटी दवाखान्यात किडनी प्रत्यारोपणापर्यंतची सोय आहे. म्हातारं माणूस सोबत असेल तर हे मनात धरावं. दंगल-संचारबंदीची भीती घालणारे दोन्हीकडं भेटतात. अमरावतीनं ती नोव्हेंबर २०२१ मध्ये पाहिली, अकोल्यानं मे २०२३ मध्ये. त्यावरून शहर निवडू नये.

गावाला जाणं-येणं अकोल्याहून थोडं जवळ पडतं, माझ्या गावाला तर पाऊण तासात. अमरावतीहून सव्वा तास. पण या वाटेवर वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. त्याच पेढीच्या काठी २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा गेले, आणि आई बसमध्ये कितीही पेंगत असो, तिथं तिचे हात बरोबर जुळतात. तेवढ्यासाठी तिला हाच रस्ता आवडतो. आणि पुढंमागं दोन शहरांत ये-जा करायची वेळ आलीच तर महामार्ग झकास आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते मूर्तिजापूर दरम्यान एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव गेलं. त्या वर्षी मावसभावाला मी म्हटलं, "पाच दिवसांत रस्ता झाला बाप्पा!" तो म्हणाला, "पाच दिवसांत आमच्याकडं नळ येते."

घरातलं मत मात्र एक नाही. मुलगा अमरावतीवर खूश, त्याचं कॉलेज इथंच. आईला पाणी आणि अंबादेवी दोन्ही मिळाली. बायकोला विचाराल तर ती अकोलाच म्हणेल. अमरावतीच्या आमच्या ले-आउटमध्ये बंगले टुमदार, फाटकं बंद, शेजारीण दिवाळीला फराळाचं ताट देऊन जाते ते सरळ पुढच्या दिवाळीला भेटते. अकोल्याच्या त्या गल्लीत रात्री साडेअकराला पाण्यासाठी जागणाऱ्या बायका ओट्यावर बसून पहाटेपर्यंत बोलायच्या. माझ्या बायकोला मोटारीचा वॉशर बदलायला तिथल्याच एका काकूंनी शिकवलं. हे मी जमेला धरायला विसरलो होतो, तिनं आठवण करून दिली.

तेव्हा तुमचं पोरगं नीटच्या तयारीचं असेल आणि दोनच वर्षं काढायची असतील तर अकोल्याला जा, मी अडवणार नाही. म्हातारी माणसं, शेती आणि बिऱ्हाड असं तिन्ही सांभाळायचं असेल तर माझा कल तुम्हाला कळलाच असेल. कुठंही गेलात तरी खोली पाहताना भाडं नंतर विचारा. आधी विचारा, नळ कितव्या दिवशी येतो, किती वाजता, आणि घर गल्लीत कितवं आहे. घरमालक "पाण्याचं काही टेन्शन नाही" म्हणाला तर शेजारच्या घरी विचारा. अंगणात निळे ड्रम किती आहेत तेही मोजा.

गेल्या आठवड्यात बायकोनं अकोल्याच्या त्या काकूंना फोन लावला. लेकीच्या लग्नाचं सांगायचं होतं. स्थळ कसं, तारीख कोणती, असं कुठं सुरू होत होतं, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "थांब वो वहिनी, नळ आले!" आणि फोन कट.