ग्रीन हायड्रोजनचा कोर्स करून काही महिने झाले: कामाला आली ती एक्सेलची शीट

तळोजा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी प्रोसेसला आहे. आमच्या प्लांटला हायड्रोजन लागतो आणि तो सिलिंडर भरलेल्या गाड्यांतून येतो. "इथेच छोटा इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं मशीन) बसवला तर?" असं वरून विचारलं गेलं, म्हणून ग्रीन हायड्रोजनचा, म्हणजे सौर-पवनसारख्या विजेवर केलेल्या हायड्रोजनचा, शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केला. शेवटी थोडं प्रात्यक्षिकही होतं. फी निम्मी कंपनीने दिली, निम्मी मी. संस्थेचं नाव लिहीत नाही. या विषयाच्या बहुतेक कोर्सेसचा साचा सारखाच दिसतो, त्यामुळे नावाने फार फरक पडू नये.

सुरुवातीचे वर्ग सरळ पाणी घातलेले होते. ४ जानेवारी २०२३ला राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनला मंजुरी मिळाली, तरतूद १९,७४४ कोटींची, २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट. हे तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा सांगितलं. सरकारी पत्रकात फुकट वाचायला मिळणाऱ्या गोष्टीसाठी रविवारची झोप का मोडायची?

सुरक्षेचा भाग मात्र झकास. शिकवणारे सर कॉस्टिक सोडा प्लांटमधून निवृत्त झालेले. तिथे हायड्रोजन जोडउत्पादन म्हणून निघतोच, त्यामुळे त्यांचा आयुष्यभराचा संबंध. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाण असलं की हा वायू पेट घेऊ शकतो आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळपास दिसत नाही, हे पुस्तकातही असतं. पण पूर्वी लोक लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालत आणि काड्या पेटल्या की गळती सापडे, हे सरांच्याच तोंडून ऐकावं. नागपूरच्या पेसोची (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) परवानगी, सुरक्षित अंतरं, छताखाली वायू साचू नये म्हणून ठेवायच्या वाटा, हे सगळं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं.

पैसे वसूल झाले ते अर्थकारणाच्या वर्गांत, तिथे सोडवलेल्या एक्सेलच्या शीटवर. एक मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर घ्या. सगळं धरून किलोभर हायड्रोजनला ५५ युनिट वीज, भांडवल ६ कोटी, त्यावर वर्षाचा बोजा १२ टक्के म्हणजे ७२ लाख. (आकडे सरावाचे, पण अवास्तव नाहीत.) नुसत्या सौर विजेवर मशीन वर्षातला पाव वेळ चालतं आणि सुमारे ४० टन हायड्रोजन निघतो. म्हणजे किलोमागे भांडवलाचे १८० रुपये. वीज अडीच रुपयांची धरली तर १३८. बेरीज ३१८. आता पवन, सौर आणि साठवण एकत्र करून मशीन ६० टक्के वेळ चालवा. भांडवल ७५ रुपयांवर येतं, पण वीज साडेचार रुपयांची झाली की २४८ तिथेच जातात. बेरीज ३२३! स्वस्त वीज की जास्त तास, हा सगळा झगडा त्या दोन ओळींत आहे. देखभाल, पाणी, स्टॅक (मशीनचा गाभा, जिथे पाण्याचं विघटन होतं) बदलणं अजून धरलेलंच नाही.

याच शीटमुळे सरकारी प्रोत्साहनाचंही वजन कळलं. उत्पादनावर पहिल्या वर्षी किलोला कमाल ५० रुपये, पुढे ४० आणि ३०. विजेचा दर एका रुपयाने हलला की किलोमागे ५५ रुपये हलतात. मग पारेषण शुल्काच्या माफीवर इतकी चर्चा का होते, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या प्रस्तावाचा निकालही तिथेच लागला. महावितरणची वीज आठ रुपयांनी धरली तरी नुसत्या विजेचे ४४० रुपये. वर ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोभर हायड्रोजनला ३८ किलोच्या पुढे. नैसर्गिक वायूपासून करताना तो ९-१० किलो निघतो आणि भारताच्या 'ग्रीन' व्याख्येची मर्यादा आहे २ किलो. साहेबांना एका पानाची टिपणी दिली, विषय ओपन ॲक्सेसच्या (महावितरणऐवजी थेट दुसऱ्या उत्पादकाकडून घ्यायच्या) सौर विजेपर्यंत मागे गेला.

व्हेंडरांची कोटेशन्स आता वेगळ्या नजरेने वाचतो. एकाने लिहिलं होतं, "नॉर्मल घनमीटरला ४.५ युनिट." किलोत ११.१ घनमीटर, म्हणजे ५० युनिट. ऐकायला छान. विचारल्यावर कळलं की आकडा फक्त स्टॅकचा, तोही नव्याकोऱ्या. रेक्टिफायर, चिलर, कॉम्प्रेसर वेगळे. स्टॅक जुना होत जातो तशी वीज वाढते, त्याची हमी किती तासांची, हे विचारल्यावर फोनवर जरा शांतता पसरली.

न शिकवलेली गोष्ट म्हणजे टेंडरचं वाचन. २०२५मध्ये सेकीच्या (सौर ऊर्जेची सरकारी कंपनी) ग्रीन अमोनियाच्या, म्हणजे ग्रीन हायड्रोजनपासून केलेल्या अमोनियाच्या, पहिल्या लिलावात किलोला ५५.७५ रुपये दर निघाला. एक किलो हायड्रोजनपासून साधारण ५.६७ किलो अमोनिया होतो, म्हणजे हातात ३१६ रुपये. आमच्या शीटमध्ये तेवढे हायड्रोजनलाच संपतात, नायट्रोजन आणि अमोनियाचा प्लांट बाकीच. बोली लावणाऱ्याची वीज, कर्ज आणि मशीन, तिन्हींचे आकडे वेगळे असणार. एवढं एक उदाहरण सोडवून घेतलं असतं तर निम्म्या स्लाइड्स वगळल्या तरी चाललं असतं.

नुकत्याच पास झालेल्यांसाठी: जाहिरातीतल्या "सहा लाख नोकऱ्या" हा मिशनच्या कागदावरचा अंदाज आहे, तुमच्या हातातलं नेमणूकपत्र नव्हे. आमच्या बॅचमधल्या ज्यांना या क्षेत्रात काम मिळालं, ते आधीपासून इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा प्रोसेसमध्ये मुरलेले होते. नुसत्या प्रमाणपत्रावर कुणाला बोलावणं आलेलं ऐकलं नाही.

फी भरण्याआधी दोनच गोष्टी मागा: अर्थकारणाचे वर्ग किती आणि शीट सूत्रांसकट मिळणार का. आमच्याकडे ती आधी पीडीएफमध्ये दिली होती. बॅचने गलका केला तेव्हा एक्सेल आली.